दख्खनमधील मृदेची घडण आणि मृदावर्गीकरणाचा इतिहास : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

मृदेचे प्रकार निसर्गातच ठरलेले असतात आणि अभ्यासक त्यांची केवळ नोंद करतो, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात एकाच जमिनीचे वर्गीकरण शेतकरी, महसूल अधिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ यांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या हेतूने केले आहे. प्रस्तुत लेखात दख्खनच्या, विशेषतः पश्चिम महाराष्ट्राच्या संदर्भात या वर्गीकरणांचा मागोवा घेतला आहे. मातीची खोली हा घटक या इतिहासात कधी मध्यवर्ती ठरला, कधी मागे पडला आणि त्याचे शेतकऱ्यावर कोणते परिणाम झाले, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : काळी जमीन, मृदेची घडण, प्रतवारी, महसुली मोजणी, चोपण जमीन, मृदा आरोग्य पत्रिका.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात मृदेचे काळी अथवा रेगूर, जांभी, तांबडी व पिवळसर तांबडी आणि गाळाची असे प्रकार दिलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतात, अध्यापक नकाशावर दाखवितात आणि विषय संपतो. हे प्रकार कोणी पाडले, कशासाठी पाडले आणि त्यापूर्वी या जमिनीला लोक काय म्हणत होते, हे प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत. 'रेगूर' हा शब्दच पाहावा. तो तेलुगू 'रेगडी'वरून इंग्रजी ग्रंथांत आला आणि तेथून मराठी पाठ्यपुस्तकांत उतरला. दख्खनच्या मराठी शेतकऱ्याने आपल्या जमिनीला 'काळी' म्हटले. म्हणजेच, ज्या नावाने ही मृदा आज वर्गात शिकविली जाते ते नाव ती कसणाऱ्याचे नाही.

वर्गीकरण म्हणजे जमिनीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय. प्रश्न बदलला की वर्ग बदलतात, आणि जो घटक प्रश्नातच नसतो तो उत्तरातूनही वगळला जातो. दख्खनच्या बाबतीत ही गोष्ट केवळ तात्त्विक नव्हती. जमीन कोणत्या वर्गात पडली यावर एका कुटुंबाचा तीस वर्षांचा सारा ठरत होता.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दख्खनच्या मृदेची घडण आणि तिचे प्रमुख घटक यांचा आढावा घेणे.
२. पारंपरिक, महसुली आणि शास्त्रीय मृदावर्गीकरणांमागील हेतू तपासणे.
३. या वर्गीकरणांचे कृषिजीवनावर झालेले परिणाम स्पष्ट करणे.

लेखाचे स्वरूप ऐतिहासिक व वर्णनात्मक असून तो प्रकाशित अहवाल, ग्रंथ व शासकीय साहित्य यांवर आधारलेला आहे.

१. मृदेची घडण आणि दख्खनचा पाषाण

मृदा हे चार घटकांचे मिश्रण आहे. पिकास अनुकूल अशा मृदेत आकारमानाने सुमारे ४५ टक्के खनिज कण, ५ टक्के सेंद्रिय पदार्थ आणि उरलेल्या निम्म्या भागात पाणी व हवा जवळपास सारख्या प्रमाणात असतात. हे आदर्श प्रमाण होय. पावसाळ्यात पाणी हवेची जागा घेते आणि उन्हाळ्यात हवा पाण्याची. खनिज कणांचे आकारमानानुसार वाळू, पोयटा आणि चिकणमाती असे तीन गट पडतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. या तीन गटांच्या प्रमाणावरून मृदेचा पोत ठरतो, आणि पाणी धरून ठेवण्याची व अन्नद्रव्ये साठविण्याची तिची क्षमता बऱ्याच अंशी पोतावर अवलंबून असते.

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनले आहे. आज हा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला दिसतो. त्यात लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियमयुक्त खनिजे विपुल आहेत. कमी पावसाच्या प्रदेशात या खडकाचे विदारण झाले असता स्मेक्टाइट गटातील चिकणमाती तयार होते. या खनिजाचे थर पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या खोल भेगा हा त्याचाच परिणाम होय. भेगांतून वरची माती आत पडते, पावसाळ्यात जमीन फुगते आणि माती आतल्या आत घुसळली जाते. म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात.

काळ्या रंगावरून ही मृदा सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असावी असे वाटते, पण ते खरे नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहून कमी आढळते. नत्र व उपलब्ध स्फुरद यांची उणीव असते, तर चुना भरपूर असतो. सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान, म्हणजे विम्लतेकडे झुकलेला असतो. या जमिनीचे बळ तिच्या रंगात नसून चिकणमातीच्या प्रमाणात आणि खोलीत आहे. खोल काळी जमीन पावसाळ्याचे पाणी साठविते आणि त्या ओलाव्यावर रब्बीची ज्वारी पिकते. माथ्यावरची वीतभर मुरमाड जमीन मात्र त्याच खडकापासून बनलेली असूनही पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की करपते.

उलटपक्षी, कोकणात त्याच प्रकारच्या खडकावर अतिवृष्टीमुळे सिलिका व चुना वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. त्यातून जांभा आणि त्यावरची आम्लधर्मी तांबडी मृदा बनते. 'लॅटराइट' ही संज्ञा फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातील अशाच दगडावरून रूढ केली. 'लॅटर' म्हणजे लॅटिनमध्ये वीट. कोकणी माणूस मात्र तोच दगड चिऱ्याच्या रूपात पूर्वापार घरांना वापरीत आला आहे.

२. गावगाड्यातील वर्गीकरण : काळी आणि पांढरी

दख्खनच्या खेड्यात जमिनीची पहिली विभागणी रंगानेच झाली, पण ती केवळ मातीची नव्हती. 'काळी' म्हणजे कसण्याची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ग्रामव्यवस्थेचे विवेचन करताना हे शब्द वारंवार येतात. पिढ्यान्पिढ्यांच्या चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती यांनी वस्तीची जागा पांढरट बनते. पुरातत्त्वज्ञांना प्राचीन वसाहतींची टेकाडे ओळखण्यास हीच पांढरी माती उपयोगी पडली. शेतकऱ्यांनी ती खत म्हणून शेतात नेल्याने अनेक टेकाडांची हानीही झाली. पांढरीच्या मातीत कस आहे, हे प्रयोगशाळेच्या आधीच शेतकऱ्यास ठाऊक होते.

काळीच्या पोटातही अनेक भेद होते. काळी, तांबडी, बरड, मुरमाड, चिकण, खारवट, चोपण, चुनखडीची, नदीकाठची मळई असे शब्द आजही ऐकू येतात. विदर्भात काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी वेगळी श्रेणी प्रचलित होती. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) यांपैकी कित्येक शब्द नोंदविलेले आहेत. या शब्दांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. ते केवळ रंग किंवा पोत सांगत नाहीत, तर त्या जमिनीत काय करता येईल आणि काय करता येणार नाही हेही सांगतात. 'चोपण' म्हटले की ओली असता चिखल, वाळली असता दगड, पाणी न मुरणारी आणि अवजाराला दाद न देणारी जमीन, एवढा सगळा अनुभव एका शब्दात येतो.

राज्यकर्त्यांच्या दप्तरात मात्र हे शब्द अव्वल, दूम, सीम अशा श्रेणींत बसविले गेले. सतराव्या शतकाच्या प्रारंभी निजामशाहीत मलिक अंबर याने केलेली महसूलव्यवस्था आणि शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेली जमिनीची पाहणी, या दोहोंत जमिनीचा कस आणि पिकाचे उत्पन्न पाहून सारा ठरविण्याचे तत्त्व होते. श्रेणी ठरविताना गावातील जाणत्यांचा शब्द महत्त्वाचा असे. म्हणजे वर्गीकरण शासनासाठी होते, पण त्याचे ज्ञान गावाकडेच होते.

३. प्रिंगलची मोजणी : हिशेबातील जमीन

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारसमोर साऱ्याचा प्रश्न उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२४ ते १८२८ या काळात मोजणी केली. त्याच्या पद्धतीवर त्या काळच्या इंग्रज अर्थशास्त्राचा, विशेषतः रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचा प्रभाव होता. प्रत्येक प्रकारच्या जमिनीतून एकूण किती उत्पन्न निघते, त्यातून लागवडीचा खर्च किती वजा जातो आणि निव्वळ काय उरते, याचा हिशेब मांडून त्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारी हिस्सा ठरविण्यात आला.

कागदावर ही पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध होती. व्यवहारात ती फसली. दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात एकाच शेताचे उत्पन्न एका वर्षी चांगले तर दुसऱ्या वर्षी शून्य असू शकते. तेव्हा सरासरी निव्वळ उत्पन्न हा आकडा बऱ्याच अंशी कल्पनेचा होता. शिवाय जमिनीची श्रेणी ठरविणाऱ्या कनिष्ठ नोकरांच्या कामात गैरप्रकार शिरले. इंदापूरसारख्या तालुक्यात शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या आणि थकबाकी वाढत गेली. मातीला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तिने वर्षाला निश्चित किती द्यावे हे पावसावाचून सांगता येत नव्हते.

४. गोल्डस्मिड व विंगेट : हातभर खोलीचे मोल

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. १८३६ पासून तेथे तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी लागू झाली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम एकत्र मांडले गेले आणि पुढे ती मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून स्थिरावली.

या अधिकाऱ्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला. जमीन किती देते, हा प्रश्न सोडून एक जमीन दुसरीच्या तुलनेत किती मोलाची, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. कोरडवाहू जमिनीची तीन गटांत विभागणी झाली. पहिल्या गटात गडद काळ्यापासून काळपट तपकिरी रंगाची, बारीक व एकजीव पोताची माती होती. दुसऱ्या गटात एकजीव पण त्याहून भरड आणि बहुधा तांबड्या रंगाची माती, तर तिसऱ्या गटात खडेमिश्रित किंवा भुसभुशीत, फिकट तपकिरी ते करड्या रंगाची माती होती. गट ठरल्यानंतर मातीची खोली हातांत मोजली जाई आणि त्यावरून नऊ वर्गांपैकी एक वर्ग व त्याचे आण्यांतील सापेक्ष मोल ठरे.

तक्ता क्र. १ : संयुक्त अहवालातील प्रतवारी (खोली हातांत)

| वर्ग | मोल (आणे) | पहिला गट | दुसरा गट | तिसरा गट |
|---|---|---|---|---|
| १ | १६ | १¾ | – | – |
| २ | १४ | १½ | १¾ | – |
| ३ | १२ | १¼ | १½ | – |
| ४ | १० | १ | १¼ | – |
| ५ | ८ | ¾ | १ | – |
| ६ | ६ | ½ | ¾ | १ |
| ७ | ४½ | ¼ | ½ | ¾ |
| ८ | ३ | – | ¼ | ½ |
| ९ | २ | – | – | ¼ |

तक्ता बारकाईने पाहिला असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, रंग व पोतापेक्षा खोलीचे वजन अधिक आहे. पावणेदोन हात खोल तांबडी जमीन चौदा आण्यांची ठरते, तर पाव हात खोल काळी जमीन साडेचार आण्यांचीच राहते. दुसरी म्हणजे, पावणेदोन हातांच्या, अर्थात सुमारे ८० सेंटिमीटरच्या खाली माती किती आहे हे या पद्धतीला महत्त्वाचे वाटत नाही.

याशिवाय जमिनीतील दोषांच्या खुणा नोंदविल्या जात. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, कणांचा सुटेपणा, पाणी न मुरणे, पाण्याच्या लोंढ्याखाली येणे आणि उपळट, म्हणजे जमिनीतून पाणी पाझरत राहणे, हे ते दोष होत. प्रत्येक दोषामागे जमीन एक वर्ग खाली उतरे. हातभर खोल काळी जमीन दहा आण्यांची असली, तरी तीत चुनखडी आढळल्यास ती आठ आण्यांवर येई.

प्रत्यक्ष कामाची रीतही लक्षणीय होती. शेताचे आराखड्यावर सारखे भाग पाडून प्रत्येक भागात खोली तपासली जाई आणि भागांच्या मोलाची सरासरी काढली जाई. उदाहरणादाखल, एका शेताचे चार भाग अनुक्रमे दहा, आठ, आठ व सहा आण्यांचे ठरले तर शेत आठ आण्यांचे झाले. हवामान, बाजारपेठेचे अंतर इत्यादी बाबी पाहून गावांच्या गटासाठी कमाल दर ठरे. तो एकरी एक रुपया मानल्यास या शेताचा आकार एकरी आठ आणे होई.

ही नऊ वर्गांची मांडणी साहेबांच्या नावाने ओळखली जाते, परंतु तिचे घटक पाहता ती गावाच्या ज्ञानापासून फार दूर नव्हती. काळी, तांबडी, बरड हे तीन गट जुनेच होते. दोषांच्या यादीत शेतकऱ्याची चुनखडी, चोपण आणि उपळट आहेत. खोलीचे मापही हातच होते. फरक असा की, गावाच्या बोलण्यातील ज्ञान आता आकड्यांत उतरले आणि आकड्यांत उतरल्यावर ते गावाच्या हाती राहिले नाही. शेतात पहार मारून खोली पाहणारा क्लासर हा सरकारचा नोकर होता. त्याच्या वहीतील वर्गाला विरोध करण्यासाठी शेतकऱ्यापाशी केवळ अनुभव होता.

५. प्रतवारी, सारा आणि शेतकरी

नव्या आकारणीने प्रारंभी दिलासा दिला. दर पूर्वीपेक्षा हलके होते, मुदत निश्चित होती आणि सोडलेल्या जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. १८६५ च्या कायद्याने आणि पुढे १८७९ च्या जमीन महसूल संहितेने या पद्धतीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. धारकाने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेमुळे जमिनीचे मोल वाढले तर त्या वाढीवर सारा लावू नये, हे तत्त्वही मान्य झाले.

परंतु मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले होते आणि त्या तेजीच्या छायेत कमाल दर वाढविले गेले. त्यानंतर भाव उतरले, पण वाढलेला सारा राहिला. मे १८७५ मध्ये सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांची कारणे अनेक होती. सावकारी कर्ज, पतपुरवठ्याची आकसलेली व्यवस्था आणि भावातील घसरण यांचा त्यांत मोठा वाटा होता, आणि साऱ्याच्या वाढीला किती महत्त्व द्यावे याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि १८७४ मध्येच मुंबई सरकारने फेरआकारणीतील वाढीवर तालुक्यासाठी ३३ टक्के, गावासाठी ६६ टक्के आणि एका धारकासाठी १०० टक्के अशी मर्यादा घातली होती, ही बाब बोलकी आहे. येथे एक भेद करणे आवश्यक आहे. मातीची प्रतवारी फारशी बदलली नव्हती. बदलला होता तो तिला गुणणारा दर. प्रतवारीने जमिनींमधील तुलनात्मक न्याय साधला, तरी एकूण भार किती असावा हे माती ठरवीत नव्हती.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात दर तीस वर्षांनी होणाऱ्या पाहणीवर आणि सारावाढीवर टीका केली. त्याचबरोबर डोंगरावरचा पालापाचोळा व जनावरांच्या मलमूत्राचा अंश पावसाबरोबर शेतात येऊन जमिनीला मिळणारा कस, आणि तो टिकविण्यासाठी सरकारने लष्कर व पोलिसांतील शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घेण्याची आवश्यकता, यांचाही विचार त्यांनी मांडला. महसूलखाते जमिनीची खोली एकदा मोजून कायम समजत होते. फुले मात्र ती माती वाहून जाते आणि राखली तरच राहते, ही गोष्ट सांगत होते. तक्त्यात न बसणारा हा मुद्दा मृदेच्या इतिहासात मूलभूत महत्त्वाचा आहे.

६. भूगर्भ आणि रसायन : उगमाचा शोध

महसूल अधिकारी मोल मोजत असतानाच दुसरे अभ्यासक काळ्या मातीचा उगम शोधत होते. कॅप्टन न्यूबोल्ड याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस या मातीवर लेखन करून ती पाण्याखाली साचलेला गाळ असावी असे मत मांडले. इतरांनी ती बेसॉल्टच्या झिजेपासून जागच्या जागी बनल्याचे म्हटले. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या भारतीय भूगर्भशास्त्रावरील ग्रंथात (१८७९) या मतांची चर्चा करून पृष्ठभागावरील खडकाच्या विदारणास महत्त्व देण्यात आले. त्यानंतर लवकरच, १८८३ मध्ये, रशियात दोकुचाएव याने तेथील काळ्या मृदेवरील ग्रंथात मृदा म्हणजे केवळ झिजलेला खडक नव्हे, तर खडक, हवामान, सजीव, भूरूप आणि काळ यांच्या संयोगाने घडलेली स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, ही भूमिका मांडली. रशियाची काळी मृदा ह्यूमसने समृद्ध आहे, दख्खनची नाही. रंग सारखा असूनही घडण वेगळी, हे या तुलनेतून ध्यानात येते.

१८८९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात भारतीय शेतकरी अडाणी व मागासलेला आहे हे मत अमान्य केले. भारत सरकारचे पहिले कृषिरसायनज्ञ डॉ. लेदर यांनी १८९८ मध्ये भारतीय मृदेचे गंगा-सिंधूचा गाळ, काळी, तांबडी आणि जांभी असे चार मुख्य प्रकार सांगितले. आजच्या पाठ्यपुस्तकातील विभागणीचे मूळ येथे आहे. हे वर्गीकरण उपखंडाच्या नकाशासाठी उपयुक्त होते. पण दख्खनच्या एकाच गावात आढळणारी काळी, मुरमाड आणि चोपण या नकाशात एकाच रंगाखाली गेली.

७. नीरेचा धडा : अव्वल जमिनीचे चोपण

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि अवर्षणग्रस्त भागात ऊस उभा राहिला. महसुली प्रतवारीप्रमाणे नदीजवळची खोल काळी जमीन सर्वोत्तम. म्हणून पाणीही तेथेच मोठ्या प्रमाणात दिले गेले. काही वर्षांतच शेतावर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या प्रक्रियेचे कारण मृदेच्या घडणीत आहे. चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने खोल काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो. कालव्याचे पाणी सतत मिळाल्यास भूजलाची पातळी वर येते, पाण्याबरोबर क्षार वर चढतात आणि बाष्पीभवनानंतर पृष्ठभागावर राहतात. सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण विखुरतात, घडण मोडते आणि जमीन चोपण बनते. मुरमाड जमिनीत पाणी सहज निचरून जात असल्याने हा धोका त्या मानाने कमी असतो. याचा अर्थ असा की, जो गुण पावसाच्या शेतीत सोळा आणे ठरला होता, तोच बेसुमार पाण्याखाली दोष ठरला. १८४७ चा तक्ता चुकीचा नव्हता. तो कोरडवाहू शेतीच्या प्रश्नाचे उत्तर होता आणि प्रश्न बदलला तरी उत्तर तेच धरले गेले. कृष्णा खोऱ्यात सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या काही भागांत हाच अनुभव पुढे मोठ्या प्रमाणावर आला.

या अनुभवातून मृदेच्या उभ्या छेदाचा अभ्यास पुढे आला. पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्रातील बसू व सिरूर यांनी १९३८ मध्ये नीरा उजवा व प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रातील मृदांचे छेदावर आधारित वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले होते. तेथे ओलावा साठविण्याच्या दृष्टीने खोलीचा विचार झाला. उथळ जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा आणि खोल जमिनीत रब्बी ज्वारी, असे खोलीनुसार पीक नियोजन पुढे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आले. सारा ठरविणारी खोली आता पीक ठरवू लागली.

८. मृदा आरोग्य पत्रिका आणि हरवलेली खोली

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने देशभरच्या मृदांचे नकाशे तयार केले. अमेरिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणानुसार भेगाळणारी खोल काळी मृदा 'व्हर्टिसॉल' गटात बसते. उथळ मुरमाड मृदा त्याच शेजारात असूनही वेगळ्या गटात जाते. गावाने केलेला भेद शास्त्राने अशा रीतीने पुन्हा मान्य केला.

शेतकऱ्याच्या हाती मात्र दुसरेच वर्गीकरण पोहोचले. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा बाबी तपासल्या जातात. योजनेच्या आखणीत बागायतीत अडीच हेक्टर व जिरायतीत दहा हेक्टर क्षेत्रामागे एक नमुना धरण्यात आला. नमुना सर्वसाधारणपणे वरच्या पंधरा सेंटिमीटरमधून घेतला जातो. खतांच्या संतुलित वापरासाठी ही माहिती मोलाची आहे. पण या बारा बाबींत खोली नाही, उतार नाही, निचरा नाही. दहा हेक्टरांत माथ्यावरची बरड आणि ओढ्याकाठची काळी दोन्ही येऊ शकतात. अन्नद्रव्यांचे आकडे सारखे असलेल्या दोन शेतांपैकी एकात ज्वारी हाती लागते आणि दुसरे करपते, याचे कारण पत्रिकेत सापडणार नाही. विंगेटच्या तक्त्याला रसायन ठाऊक नव्हते. पत्रिकेला पहार ठाऊक नाही.

सातबारा उताऱ्यावर 'पोटखराबा' आणि 'आकारणी' हे रकाने आजही आहेत. एकोणिसाव्या शतकातील मोजणीचा तो अवशेष होय. प्रतवारीच्या जुन्या नोंदी भूमी अभिलेखाच्या दप्तरांत जेथे शाबूत असतील तेथे त्यांचे दुहेरी मूल्य आहे. त्या महसुलाचा इतिहास सांगतात आणि दीड शतकापूर्वी त्या शेतात माती किती खोल होती याची साक्षही देतात. त्याच शेतात आज पुन्हा खोली मोजल्यास धूप किती झाली याचा अंदाज घेता येईल. इतिहास, भूगोल व मृदाशास्त्र या विभागांना महाविद्यालयीन पातळीवर एकत्र करता येण्याजोगा हा अभ्यासविषय आहे.

निष्कर्ष

१. मृदेचे वर्गीकरण हेतुसापेक्ष असते. शेतकऱ्याने उपयोग, महसूलखात्याने सापेक्ष मोल, भूगर्भशास्त्राने उगम आणि रसायनशास्त्राने अन्नद्रव्ये यांचा शोध घेतला.
२. १८४७ ची महसुली प्रतवारी ही बऱ्याच अंशी स्थानिक ज्ञानाचे आकड्यांतील रूपांतर होते. त्या रूपांतरात ज्ञानाचा अधिकार गावाकडून शासनाकडे गेला.
३. प्रतवारी तुलनेने न्याय्य असली तरी साऱ्याचा एकूण भार तिच्याबाहेर ठरत होता.
४. नीरा खोऱ्याच्या अनुभवावरून जमिनीची प्रत कायमची नसते हे सिद्ध होते. पाणी व वापर बदलला की गुणाचा दोष होऊ शकतो.
५. अवर्षणप्रवण दख्खनमध्ये खोली हा निर्णायक घटक आहे. मृदा परीक्षणात अन्नद्रव्यांबरोबर खोली व निचरा यांची नोंद होणे आवश्यक आहे.

वीतभर माती तयार होण्यास शतकानुशतके लागतात आणि ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात. म्हणून कोणत्याही वर्गीकरणाने जमिनीला कोणता वर्ग दिला यापेक्षा त्या वर्गाचा आधार असलेली माती जागेवर राहिली आहे काय, हा प्रश्न यापुढील अभ्यासात अग्रभागी असावयास हवा.